४० बॅकलिंकांचं पॅकेज आणि पक्कडवाला

शाईचा डाग

नमस्कार मंडळी,

फाउंटन पेनांच्या दुरुस्तीवर माझी एक छोटी वेबसाइट आहे. चार वर्षं झाली. ६१ लेख, सगळे स्वतः लिहिलेले, फोटोही माझेच. निबची दोन पाती वर-खाली झाली असतील तर नखाने हळूच कशी बसवायची, पिस्टन जाम झाला तर जोर न लावता कसा सोडवायचा, वर्षभर सुकून बसलेली शाई फीडमधून (निबखालचा शाई पुरवणारा भाग) कशी काढायची, असलं सगळं. वाचक थोडे, पण येतात ते शेवटपर्यंत वाचतात आणि मेल करून शंका विचारतात. अडचण एवढीच की शोधात मी दुसऱ्या पानावर रुतलोय. निबची पाती जुळवण्यावरचा लेख हा माझा सगळ्यात जीव ओतून लिहिलेला लेख. तो दीड वर्षापासून ११ ते १४ या जागांमध्ये येरझाऱ्या घालतोय. दहाच्या आत काही पाऊल टाकत नाही.

गेल्या आठवड्यात एक मेल आला. ४० 'हाय अथॉरिटी' बॅकलिंका (दुसऱ्या साइटींवरून माझ्या साइटला येणाऱ्या लिंका), प्रायव्हेट ब्लॉग नेटवर्कमधून (लिंका देण्यासाठीच एका मालकाने चालवलेले ब्लॉग), प्रत्येक ब्लॉगचा डीए (डोमेन अथॉरिटी, साइटच्या वजनाचा अंदाजी आकडा) ३० च्या वर, आणि सगळ्या एकदम नाही, तीन महिन्यांत 'ठिबकत' देणार, म्हणजे गूगलला नैसर्गिक वाटेल. नमुन्याला पाच ब्लॉग पाठवलेत. उघडून बघितले. एका ब्लॉगवर गादी कशी निवडावी, त्याखाली घटस्फोटाचा वकील कसा निवडावा, त्याखाली मांजरांचं लसीकरण. पाचांपैकी तिघांचं 'आमच्याबद्दल' शब्दशः एकच: 'आम्ही हरहुन्नरी लेखकांचा एक समूह आहोत.' मला हसूच आलं.

मग त्या माणसाने पुढच्या मेलमध्ये एक तक्ता पाठवला आणि हसू गेलं. माझ्या लेखाच्या विषयात जी साइट तिसऱ्या क्रमांकावर आहे, तिला अशाच ब्लॉगांवरून ढीगभर लिंका आहेत. त्या साइटवर वाकडी निब सरळ करायला पक्कड वापरा असं लिहिलंय. पक्कड! ज्याने एकदा तरी निब हातात धरली असेल तो हे लिहिणार नाही.

तर विचारायचं हे, की हे प्रकरण खरंच चालतं का? चालत असेल तर माझ्या साइटला धोका किती? आणि पक्कडवाला वर कसा?

झटपट

डोळे झाकून घ्या. मी दोन साइटींसाठी घेतल्या होत्या. एक साइट दोन महिन्यांत १७ वरून ६ वर आली. पेनल्टी-बिनल्टी हे नवख्यांना घाबरवायला असतं. फक्त अँकर टेक्स्ट, म्हणजे लिंकेवरचे शब्द, मिसळून टाका. ४० च्या ४० ठिकाणी एकच शब्द नको. कुठे साइटचं नाव, कुठे नुसता पत्ता, कुठे 'इथे वाचा'. हवं तर लिंका थेट तुमच्या साइटवर न देता मध्ये एक पायरी ठेवायला सांगा.

तिरकी रेघ

@झटपट, ती सहावरची साइट आज कितवी आहे?

झटपट

ती विकली मी नंतर.

तिरकी रेघ

बरं.

माजी शेतकरी

या धाग्यावर गप्प बसायचं ठरवलं होतं, पण 'ठिबकत देणार' वाचलं आणि राहवलं नाही. हा शब्द मीही ग्राहकांना लिहायचो.

२०१३-१४ मध्ये पावणेदोन वर्षं माझं स्वतःचं नेटवर्क होतं. २७ ब्लॉग. लिंकांची शेतीच म्हणा, म्हणून हे टोपणनाव. विक्रेत्याच्या बाजूने ही गोष्ट कशी दिसते ते सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

डोमेन नवं घेऊन उपयोग नसतो, त्याला कोणी ओळखत नाही. म्हणून सुटलेली डोमेनं शोधायची. कुणीतरी आठ-दहा वर्षं साइट चालवतं, मग कंटाळतं, नूतनीकरण करत नाही. डोमेन पुन्हा बाजारात येतं, पण इतर साइटींनी त्याला दिलेल्या लिंका जागच्या जागी असतात. त्या लिंकांसाठी डोमेन घ्यायचं. माझ्या २७ मधलं सगळ्यात 'भारी' डोमेन एका पक्षीनिरीक्षक मंडळाचं होतं. मंडळ बंद पडलेलं. त्यांच्या पानांना ग्रंथालयांच्या, शिक्षकांच्या, दुसऱ्या पक्षीवाल्यांच्या लिंका होत्या. मी वेबॅक मशीनमधून (वेबसाइटींची जुनी रूपं जपणारा संग्रह) त्यांची जुनी पानं उतरवली, साइट जिवंत वाटावी म्हणून परत चढवली, आणि महिन्याभरात त्यांच्या घुबडांच्या नोंदींशेजारी गाडीच्या कर्जावर लेख टाकला. कोणाची परवानगी नाही, काही नाही. तेव्हा ही हुशारी वाटायची. आज ते आठवलं की कान गरम होतात.

यामागचं गणित साधं आहे. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना पेजरँक मांडला. लिंक म्हणजे मत. पण सगळ्या मतांचं वजन सारखं नाही, देणाऱ्याच्या वजनावर ते ठरतं. आणि जे विक्रेता कधीच सांगत नाही ते असं, की पानाचं वजन त्या पानावरून बाहेर जाणाऱ्या सगळ्या लिंकांमध्ये वाटलं जातं. पक्षी मंडळाच्या मुखपृष्ठावर पहिला ग्राहक आला तेव्हा त्याला बरा वाटा मिळाला. विसावा आला तेव्हा काय उरलं असेल? शिवाय मुखपृष्ठावर नवी पोस्ट आली की जुनी खाली सरकते. आठ-दहा पोस्टींनी ती दुसऱ्या पानावर, मग चौथ्या, मग सातव्या. मी ग्राहकाला स्क्रीनशॉट पहिल्या दिवशीचा द्यायचो. लिंक सरकत गेली तरी स्क्रीनशॉट काही सरकत नाही.

आता लपवाछपवी. २७ ब्लॉग एकाच माणसाचे आहेत हे कळता कामा नये. म्हणून होस्टिंग वेगवेगळं, आयपी वेगवेगळे, डोमेनच्या नोंदीत मालकाचं नाव झाकलेलं, थीम वेगळी, जाहिरातीचा कोड कुठेच नाही, कारण दोन साइटींवर एकच प्रकाशक क्रमांक दिसला की संपलं. रविवार म्हणजे २७ ठिकाणी लॉगिन करून प्लगइन अपडेट करण्याचा वार. तरी दोन ब्लॉग हॅक झालेच. आणि एवढं सांभाळून मी केलेला गाढवपणा बघा: प्रतिस्पर्ध्यांना माझे ब्लॉग दिसू नयेत म्हणून लिंका तपासणाऱ्या साधनांच्या बॉटना मी सगळीकडे प्रवेशबंदी केली होती. २७ साइटींच्या रोबोट्स फाइलमध्ये (कुठल्या बॉटने यायचं नाही ते सांगणारी फाइल) तीच यादी, त्याच क्रमाने, एका नावातल्या त्याच चुकीसकट. तोंड लपवायला बुरखे शिवले, पण सगळे एकाच ताग्यातले.

पण ही चूक टाळली असती तरी काय? होस्टिंग लपवता येतं, मालक लपवता येतो. कोण कोणाला लिंक देतं ते लपवता येत नाही, कारण विकायचं तेच असतं. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले २७ ब्लॉग, आणि सगळे मिळून त्याच तिसेक साइटींना लिंका देतायत. ज्याच्याकडे सगळ्या जगाच्या लिंकांचा नकाशा आहे त्याला हा पुंजका दिसायला कितीसा वेळ लागणार?

सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने अशा नेटवर्कांवर झाडू फिरवला. माझे २७ पैकी १९ ब्लॉग एका सकाळी शोधातून नाहीसे. डोमेनचं नाव टाकून शोधलं तरी शून्य. मजकुरात काही दम नाही, वाचकाला काही उपयोग नाही, अशा अर्थाची नोटीस. दुपारपर्यंत ग्राहकांचे फोन सुरू. ज्यांच्याकडे इतर खऱ्या लिंका होत्या ते दोन-चार जागांनी घसरले. ज्यांची सगळी मदार माझ्यावर होती ते पाचव्या-सहाव्या पानावर गेले. एका गृहस्थांनी फक्त एवढंच विचारलं, 'आता मी काय करू?' त्यांना मी काय उत्तर दिलं आठवत नाही. बहुधा दिलंच नाही.

@शाईचा डाग, तुमच्या धोक्याच्या प्रश्नाकडे येतो. आज धोक्याचं रूप बदललंय. एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन हा खोट्या लिंकांविरुद्धचा गूगलचा अपडेट आला तेव्हा तो साइटलाच खाली ढकलायचा. सप्टेंबर २०१६ पासून तो मुख्य अल्गोरिदममध्ये मुरला आणि खोट्या लिंका ओळखून त्यांचं वजनच काढून घेऊ लागला. डिसेंबर २०२२ च्या अपडेटमध्ये गूगलने स्पॅमब्रेन ही आपली यंत्रणा लिंकांच्या मागे लावली. विकत घेणाऱ्या साइटीही ओळखायच्या आणि लिंका विकण्यासाठीच काढलेल्याही. मार्च २०२४ पासून तर रँकिंगसाठी सुटलेली डोमेनं घेऊन त्यावर भलताच मजकूर भरणं हा स्पॅमच्या नियमांत वेगळा, नाव घेऊन लिहिलेला गुन्हा आहे. माणसाने बघून हाताने केलेली कारवाई अजूनही होते, तो धोका शून्य नाही. पण तुमच्याबाबतीत बहुधा काय होईल? काहीच नाही. तुम्ही तीन महिने पैसे भराल, ४० लिंका लागतील, गूगल त्या मोजणार नाही आणि तुम्हाला ते सांगणारही नाही.

आणि विक्रेत्याचा अहवाल? तो उत्तमच येणार. डीए वाढलेला दिसेल, कारण डीए हा मॉझ नावाच्या कंपनीचा स्वतःचा अंदाज आहे, गूगल तो वापरत नाही. गूगलच्या टूलबारवरचा पेजरँकचा आकडा डिसेंबर २०१३ नंतर हलला नाही आणि २०१६ मध्ये काढूनच टाकला. तेव्हापासून आतला काटा बाहेरच्या कुणालाच दिसत नाही, म्हणून बाजार डीएवर चालतो. आणि डीए लिंका पाहूनच ठरतो, त्यात याच ब्लॉगांच्या लिंका आल्या. विकणारा मालही देतो आणि तराजूही त्यालाच जुळणारा आणतो.

पक्कडवाल्याच्या लिंका तुम्हाला दिसल्या. त्या मोजल्या जातायत का, हे त्या तक्त्यात कुठे दिसलं? तो त्या लिंकांमुळे वर असेल किंवा त्या असूनही वर असेल. साइट जुनी असेल, व्हिडिओ असेल, दोन-चार खऱ्या लिंका असतील. त्याचं तुम्ही सोडा.

जमलं तर त्या पाच नमुन्यांचं एवढं करा: प्रत्येक ब्लॉग गूगलमध्ये आहे का ते बघा, वेबॅक मशीनमध्ये त्याचा मागचा जन्म बघा, आणि कुठल्याही दहा पोस्टींतून बाहेर कुठे लिंका जातात ते वहीत लिहा. तासाभराचं काम आहे.

उंबरठा

माजी शेतकरी यांच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली. शंका एकच: मग लिंक विकत घेणं सरसकट गुन्हाच का? जाहिरात म्हणूनही घेऊ नये?

माजी शेतकरी

जाहिरात खुशाल घ्या. पैसे दिलेल्या लिंकेला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' अशी खूण कोडमध्ये हवी, एवढाच नियम. नोफॉलो २००५ पासून आहे, स्पॉन्सर्ड २०१९ मध्ये आलं. वाचक त्या लिंकेवरून येऊ शकतो, पण ती मत म्हणून मोजावी असा दावा राहत नाही. नेटवर्कवाल्याला ही खूण लावायला सांगून बघा, तो फोन ठेवून देईल.

झटपट

माझी दुसरी साइट अजून आठव्या नंबरवर आहे हो. सगळं इतकं काळं नसतं.

माजी शेतकरी

असेल. २०१४ च्या ऑगस्टपर्यंत मीही हेच सांगत होतो.

शाईचा डाग

तासाभराचं काम म्हणालात, माझे तीन तास गेले.

पाचांपैकी दोन ब्लॉग गूगलमध्ये नाहीतच. नावाने शोधले तरी नाहीत. म्हणजे हा माणूस नमुना म्हणून मेलेला माल दाखवतोय आणि त्यालाही ते माहीत नसावं. तिसरा ब्लॉग २०१६ पर्यंत एका शाळेच्या वाद्यवृंदाचा होता; मुलं व्हायोलिन घेऊन उभी आहेत असा फोटो वेबॅक मशीनमध्ये अजून आहे. त्याच पत्त्यावर आता मांजरांचं लसीकरण. दहा पोस्टींतून बाहेर जाणाऱ्या लिंका मोजल्या: २३. त्यातल्या ७ जुगाराच्या. माझी निब त्या रांगेत बसणार होती.

पण खरी गंमत पुढे आहे. गंमत कसली. हे सगळं बघता बघता मी सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) माझ्या साइटच्या लिंकांचा अहवाल उघडला. चार वर्षांत पहिल्यांदा. त्यात १४ डोमेनं अशी, की मी आयुष्यात नाव ऐकलेलं नाही. उघडून पाहिली तर तेच गोत्र. गाद्या, वकील, हरहुन्नरी लेखकांचा समूह. आणि १४ च्या १४ ठिकाणी लिंकेवरचे शब्द एकच, 'निब अलाइनमेंट'.

डोकं खाजवल्यावर आठवलं. पावणेदोन वर्षांपूर्वी मी एकाकडून साइटची तपासणी करून घेतली होती. वेग, तुटलेल्या लिंका, शीर्षकं वगैरे. त्याच्या अहवालात शेवटी एक ओळ होती: 'ऑफ-पेज: १४ पूर्ण.' मला वाटलं, असेल काहीतरी तांत्रिक. विचारलं नाही. पावणेदोन वर्षांपूर्वी हे, आणि दीड वर्षापासून मी ११ ते १४ मध्ये अडकलोय. याचा त्याच्याशी संबंध असेल का? डिसअव्हाव करू का, म्हणजे या लिंका मोजू नका असं गूगलला कळवू का? रात्री झोप आली नाही.

माजी शेतकरी

आधी झोपा. मग सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल ॲक्शन', म्हणजे हाताने केलेल्या कारवाईचं पान, उघडा. काही आलंय का?

शाईचा डाग

'कोणतीही समस्या आढळली नाही.'

माजी शेतकरी

मग कारवाई झालेली नाही. त्या १४ लिंका बहुधा शून्यात जमा आहेत. तुमचं अडकणं त्यांच्यामुळे आहे की नाही, हे बाहेरून सांगणारा माणूस थापा मारतोय असं समजा.

डिसअव्हावबद्दल. हे साधन ऑक्टोबर २०१२ मध्ये आलं, पेंग्विननंतर लोक रडकुंडीला आले होते तेव्हा. बहुतेक साइटींना त्याची गरज नाही, असं गूगल स्वतःच म्हणतं. कुठल्या तरी भंगार साइटने आपणहून तुम्हाला लिंक दिली तर तिकडे बघूही नका. तुमचं प्रकरण जरा वेगळं आहे, कारण नकळत का होईना पैसे तुम्ही दिलेत आणि शब्दही चौदाही ठिकाणी एकच. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर आधी त्या तपासणीवाल्याला लिहिलं असतं, 'लावल्यास तशा काढ.' ज्या निघणार नाहीत त्यांची साधी टेक्स्ट फाइल करायची, एका ओळीत एक डोमेन, प्रत्येकाआधी इंग्रजीत डोमेन हा शब्द आणि विसर्गासारखी दोन टिंबं. घाईत एखादं चांगलं डोमेन त्यात घालू नका. भंगार काढता काढता स्वतःचे पाय तोडून घेतलेले लोक मी पाहिलेत. फाइल पुन्हा चढवली की आधीची यादी पुसली जाते, म्हणून नेहमी पूर्ण यादी चढवा. परिणाम लागायला काही आठवडे जातात. आणि सर्च कन्सोलमध्ये अख्खं डोमेन जोडलेलं असेल तर तिथे हे साधन चालत नाही, पूर्ण पत्त्याची वेगळी नोंद करावी लागते. यात माझी एक संध्याकाळ गेली होती.

आता पॅकेजच्या पैशांऐवजी फुकट होणारं एक काम. फोटो तुमचेच म्हणालात ना? निबची पाती भिंगातून दिसतात असे फोटो काढायला वेळ लागतो, म्हणजे लोक ते ढापणारच. तुमचे सगळ्यात चांगले पाच फोटो गूगलच्या फोटोवरून शोधात टाका. जिथे सापडतील तिथे भांडू नका. 'फोटो राहू द्या, खाली माझ्या लेखाची लिंक द्या,' एवढंच लिहा. अशा लिंकेत विकणारा कुणी नसतो. पेनांवर लिहिणाऱ्या माणसाने पेनांच्या पानाला दिलेली असते.

शाईचा डाग

तपासणीवाल्याने उत्तर दिलं: 'त्या लिंका अजून आहेत? मला वाटलं कधीच गेल्या.' ९ त्याने काढायला लावल्या, ५ डोमेनांचा मालक सापडत नाही. त्या पाचांची फाइल चढवली. पूर्ण पत्त्याच्या नोंदीवर मीही अर्धा तास अडकलो. विक्रेत्याला नको म्हणून कळवलं. त्याने लगेच निम्म्या दरात देतो म्हणून लिहिलं, मग त्याच्याही निम्म्या.

फोटोंचं काल केलं. पात्यांचा तो भिंगातला फोटो, ज्यासाठी मी दोन संध्याकाळी दिवा इकडून तिकडे सरकवत बसलो होतो, तो ९ ठिकाणी सापडला. त्यातलं एक ठिकाण ओळखा.

तिरकी रेघ

नाही!

शाईचा डाग

हो. पक्कडवाला. बरोब्बर त्या पक्कडीच्या परिच्छेदाखाली, कोपऱ्यातलं माझं नाव कापून.

तिरकी रेघ

आता? लिंक मागणार की फोटो उतरवायला लावणार?

शाईचा डाग

लिंक मागितली. आणि ती पक्कड काढून टाका असंही लिहिलं, ती निबवर का चालत नाही ते दोन ओळींत समजावून. चार दिवस झाले, उत्तर नाही. बाकीच्या आठांपैकी तिघांनी लिंक दिली. एका बाईंनी तर विचारलं की त्यांच्या आजोबांच्या पेनाचा पिस्टन फिरत नाहीये, काय करावं. त्यांना आता फोटो पाठवायला सांगितलेत.